कोकण किनाऱ्यावर स्वतःचे घर : सीआरझेडमधील बांधकाम परवानगी कशी मिळवावी

कोकणात समुद्राजवळच्या वडिलोपार्जित जमिनीवर राहते घर बांधायचे असेल, तर आराखडा, गवंडी आणि चिऱ्याचा भाव यांची चौकशी नंतर करावी. आपला गट उच्चतम भरतीरेषेपासून, म्हणजे मोठ्या भरतीचे पाणी जेथवर पोचते त्या रेषेपासून, किती अंतरावर आहे, हे आधी कागदावर निश्चित करून घ्यावे. पुढचे सगळे या एका अंतरावर अवलंबून असते.

18 जानेवारी 2019 च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरपर्यंतचा, तर खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा नियंत्रित आहे. ग्रामीण भाग या क्षेत्राच्या तिसऱ्या वर्गात मोडतो. 2011 च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा अधिक असलेल्या गावांत समुद्राकडील 50 मीटर, आणि इतर गावांत 200 मीटर हे ना-विकास क्षेत्र असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची सरासरी घनताच दोनशेच्या आत असल्यामुळे तेथील बहुतेक गावांनी 200 मीटर धरूनच चालावे. या ना-विकास पट्ट्यात नवे घर बांधण्याची मुभा मच्छीमारांसह पारंपरिक किनारी समाजाला आहे. इतरांना अस्तित्वातील अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी, तीही जुने जोते आणि चटईक्षेत्र न वाढवता, एवढेच करता येते.

अंतर टेपने किंवा मोबाईलवरील नकाशाने मोजून चालत नाही, कारण वाळूवर दिसणारी पाण्याची खूण आणि मंजूर नकाशातील भरतीरेषा एकच असेल असे नाही. म्हणून प्रथम भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी करून ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, घ्यावी आणि केंद्र शासनाने अधिकृत केलेल्या संस्थेकडून, उदाहरणार्थ चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातील सुदूर संवेदन संस्थेकडून, मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर आपला गट बसवून घ्यावा. हा खर्च अनेकांना जड वाटतो, पण माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेत याइतका सार्थकी लागणारा खर्च दुसरा नाही. पुळणीपासून (वाळूच्या किनाऱ्यापासून) पाखाडीपर्यंत (गावातल्या पायवाटेपर्यंत) लांबट पसरलेल्या आगरात बऱ्याचदा ना-विकास क्षेत्राची रेषा माडांच्या मधूनच जाते : पुढचा भाग ना-विकास क्षेत्रात आणि मागचा त्याबाहेर. अशा वेळी घर मागे सरकवले की प्रस्ताव सुकर होतो. जवळ कांदळवन असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार त्याभोवतीचे 50 मीटर मोकळे सोडावे लागतात.

यानंतर मालकीकडे वळावे. सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार एकत्र वाचावेत. कोकणात एकाच उताऱ्यावर चुलते, आत्या आणि मुंबईला गेलेले भाऊबंद यांची नावे असतात. वाटप झाले नसेल तर प्रत्येक सहहिस्सेदाराची लेखी संमती घ्यावी, शक्यतो पोटहिस्सा मोजून वेगळा उतारा करावा. ‘इतर हक्क’ सदरात खाजगी वनाचा किंवा कुळाचा शेरा नाही ना, हेही पाहावे. जमीन नव्याने विकत घेणाऱ्याने लक्षात ठेवावे की कूळ कायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

जमीन गावठाणाबाहेर असेल तर बिनशेतीचा प्रश्न येतो. गावठाणाच्या हद्दीजवळच्या जमिनीच्या निवासी वापरासाठी सध्या कोणती तरतूद लागू आहे, याची चौकशी तहसील कार्यालयात करावी. मात्र बिनशेतीचा आदेश किंवा ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला म्हणजे सीआरझेडची मंजुरी नव्हे, हे मी कळकळीने सांगतो; या दोन कागदांच्या भरवशावर जोते घालणाऱ्यांवर पुढे पाडकामाच्या नोटिसा घेण्याची पाळी येते.

ना-विकास क्षेत्राबाहेर, 500 मीटरपर्यंतच्या भागात, पारंपरिक हक्क आणि वहिवाटीच्या चौकटीत बसणारे राहते घर बांधता येते. त्याची उंची 9 मीटरपेक्षा अधिक नसावी आणि तळमजला आणि त्यावर एकच मजला असावा. आपल्याकडे पावसामुळे कौलारू छपराला चांगला उतार द्यावा लागतो, तेव्हा उंचीचा हिशेब छप्पर धरूनच करावा. स्वतःच्या राहण्याचे घर 300 चौरस मीटर बांधीव क्षेत्रापर्यंत असेल, तर महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नसते आणि स्थानिक प्राधिकरणच अधिसूचनेच्या कसोटीवर प्रस्ताव तपासते. ही सवलत केवळ प्रक्रियेतील आहे, अंतराच्या अटी तशाच राहतात.

प्रस्तावासोबत उतारे, ‘क’ प्रत, भरतीरेषेचा नकाशा, संमतिपत्रे आणि परवानाधारक वास्तुविशारदाचे नकाशे जोडावेत. सांडपाण्याची व्यवस्था, म्हणजे शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे, हे नकाशावर स्पष्ट दाखवावे. वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास अधिसूचनेत बंदी असल्यामुळे रस्ता किंवा कुंपणासाठी त्यांना हात लावू नये. प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि त्रुटीचे पत्र आल्यास लेखी उत्तर द्यावे.

प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकाम सुरू करण्याची परवानगी, हातात आल्यावरच पाया खोदावा, जोते झाल्यावर ते तपासून घ्यावे आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेऊन ग्रामपंचायतीत घराची नोंद करावी. पुढे त्याच घरात पर्यटकांची सोय करण्याची मुभा स्थानिक रहिवाशांना आहे. त्यासाठी घराचे जोते, रचना किंवा दर्शनी भाग मात्र बदलता येत नाही.