लिनक्स वापरताय? फायबर इंटरनेट घेण्याआधी एवढं विचारा
घोडबंदर रोड असो की खारघर, सोसायटीत कोणाकोणाची वायर आली आहे ते आधी वॉचमनला किंवा सेक्रेटरींना विचारा. निवड तेवढ्यातूनच करायची असते. मग ‘लिनक्स चालेल का?’ असं विचारू नका. कस्टमर केअरवाला ‘फक्त विंडोज’ म्हणून मोकळा होतो. लॉगिन राउटरवरच टाकायचं, की मागे कोणतीही सिस्टिम असली तरी फरक पडत नाही.

विचारायचं ते हे: पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून लाइन जोडायची पद्धत) आहे का, आणि त्याचा युजरनेम-पासवर्ड माझ्या हातात मिळेल का? ओएनटी (फायबरची वायर जिथे येते तो कंपनीचा डबा) ब्रिज मोडवर, म्हणजे लॉगिन माझ्या राउटरवरून होईल असा, टाकून द्याल का? दर वेळी ब्राउझरमध्ये लॉगिन करावं लागत असेल, तर सरळ दुसरा बघा. घरातला सर्व्हर किंवा रास्पबेरी पाय (छोटा संगणक) त्यात हमखास अडकतो.

खरी गोम सीजीनॅटची, म्हणजे एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देण्याची. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (कंपनीने राउटरला दिलेला पत्ता) १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या ठरावीक मशीनकडे वळवणं) करून उपयोग नाही. बाहेरून एसएसएच (दुसऱ्या मशीनवर दुरून लॉगिन) घरात पोचणारच नाही. शेजाऱ्याच्या राउटरवर हे आधीच बघून घ्या. थेट उपाय दोन: जादा पैसे मोजून स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता), नाहीतर कंपनी देत असेल तर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे आयपी पत्ते). मात्र आयपीव्ही६साठी राउटरची फायरवॉल उघडता यायला हवी.

काही साइट अर्ध्यावर अडकतात? पॅकेट न तोडता १४७२ बाइटचा पिंग (जोडणी तपासायचा छोटा संदेश) फसतो आणि १४६४ चा जातो, तर राउटरवर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करा.