नवा राउटर लावताय? आधी जुन्याला हात लावू नका

मागच्या वेळी मी राउटर बदलला तेव्हा घर दोन दिवस नेटविना होतं. नवा राउटर ठीक होता, वायर ठीक होती, कनेक्शनही चालू होतं. फक्त सेटिंगच्या पानावर राउटरने युजरनेम आणि पासवर्ड विचारला, आणि मला दोन्हीतलं काही माहीत नव्हतं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, जुन्यात असेल ना, त्यात बघून घे." जुन्यात! जुन्याला तर मी दहा मिनिटांपूर्वीच पिन टोचून रीसेट करून बसले होते. कोणाच्या तरी कामाला येईल, तर कोरा करून ठेवावा म्हणून. आता पुन्हा राउटर बदलायची वेळ आली आहे आणि या वेळी सगळं आधी लिहून काढते आहे.

तर पहिलं काम नव्याचा खोका उघडायच्याही आधीचं. जुना राउटर चालू आहे, नेट चालू आहे, तेव्हाच त्याच्या सेटिंगमध्ये शिरायचं. पत्ता बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो (ब्राउझरमध्ये अर्थातच इंग्रजी आकड्यांत टाकायचा). नसेल तर फोनमध्ये वायफायच्या तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो तोच पत्ता. आत शिरायचा पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर सापडतो, कोणी बदलला नसेल तर. आत गेल्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' नावाचं पान शोधा आणि कनेक्शनचा प्रकार बघा. 'डायनॅमिक आयपी' लिहिलं असेल तर तुम्ही सुटलात, नव्यात तेच निवडायचं. 'स्टॅटिक' असेल तर तिथले सगळे आकडे जसेच्या तसे उतरवा. आणि 'पीपीपीओई' असेल, म्हणजे राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन लॉगिन करत असेल, तर ही सगळी यादी तुमच्यासाठीच आहे. तिथलं युजरनेम कागदावर लिहा. पूर्ण लिहा, अॅट चिन्ह आणि त्याच्या पुढचं शेपूटसुद्धा, मोठी अक्षरं मोठी आणि लहान ती लहान. त्याच पानावर किंवा शेजारच्या पानावर 'व्हीलॅन आयडी' (कनेक्शनवाल्याने आपल्या लाइनला दिलेला क्रमांक) म्हणून एखादा आकडा भरलेला दिसला तर तोही. तो चुकला तर युजरनेम-पासवर्ड बरोबर असूनही राउटर नुसता प्रयत्नच करत बसतो.

पासवर्डच्या जागी बहुधा ठिपके दिसतील. शेजारी डोळ्याचं चिन्ह असलं तर दाबा. नसलं तर अंदाज बांधत बसू नका, आत्ताच कनेक्शनवाल्यांना फोन करून पासवर्ड विचारा किंवा नवा करून घ्या. आत्ता म्हणजे नेट चालू असताना. शुक्रवारी रात्री नेट बंद पाडून मग फोन केला की काय होतं ते मी ऐकलेलं आहे, एकच धून, पाऊण तास.

इथे एक गोंधळ आधीच निस्तरून टाकते, कारण माझा अर्धा शनिवार यात गेला. पासवर्ड तीन असतात. एक वायफायचा, जो पाहुणे विचारतात. दुसरा राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. आणि तिसरा कनेक्शनचा, ज्याने तुमचा राउटर कनेक्शनवाल्याच्या यंत्रणेला 'मी अमुक ग्राहक' असं सांगतो. पहिले दोन विसरले तरी बिघडत नाही, राउटर रीसेट करून नवे ठरवता येतात. तिसरा तुमच्या हातात नाही, आणि रीसेटने नेमका तोच पुसला जातो. फोनवरचा माणूस "पासवर्ड टाका" म्हणत होता आणि मी इमानेइतबारे वायफायचा टाकत होते. तो तिसरा मागत होता.

रीसेट म्हणजे रीस्टार्ट नव्हे, हेही सांगून ठेवते. वायर काढून पुन्हा लावली तर काही पुसलं जात नाही. मागच्या छिद्रात पिन घालून काही सेकंद दाबून धरलं की सगळं जातं. त्या छिद्रापासून लांब राहा. जुन्या राउटरचं ते छिद्र मी या वेळी चिकटपट्टीने बंद केलंय. हसा खुशाल.

लिहिलं का युजरनेम? मग पुढे.

त्याच बैठकीत जुन्या राउटरचा 'मॅक' पत्ता, म्हणजे त्या यंत्राचा ओळख क्रमांक, टिपून घ्या, बारा अक्षर-आकड्यांचा असतो, दोन-दोनच्या जोड्यांत. सेटिंगमधल्या 'वॅन' पानावर दिसतो तो घ्या. स्टिकरवर असतो तो कधीकधी त्याहून एखाद्या आकड्याने वेगळा निघतो. काही कनेक्शनवाले हा पत्ता ग्राहकाशी बांधून ठेवतात, म्हणजे सगळं बरोबर भरूनही नवा राउटर त्यांना अनोळखीच वाटतो. अशा वेळी नव्या राउटरमध्ये 'मॅक क्लोन' करून जुन्याचा पत्ता द्यायचा किंवा फोन करून त्यांच्याकडची नोंद बदलून घ्यायची. आणि वायफायचं नाव आणि पासवर्ड हेही टिपा. कशाला ते खाली येईल.

आता भिंतीकडे बघा. फायबर असेल तर बारीक तार एका छोट्या डब्यात शिरते. त्या डब्याला 'ओएनटी' किंवा 'ओएनयू' म्हणतात. काही घरांत तो नुसता प्रकाशाचा सिग्नल वायरीत उतरवतो आणि लॉगिन राउटर करतो. काही घरांत तो डबाच राउटर असतो, लॉगिनही तोच करतो आणि वायफायही तोच देतो. तुमचा कोणता ते आधी ठरवा, कारण दुसऱ्या प्रकारात युजरनेम त्या डब्यात राहतं आणि नव्या राउटरला ते भरायचंच नसतं. मग नवा राउटर 'अॅक्सेस पॉइंट' करून, म्हणजे नुसतं वायफाय देण्यापुरता, लावणं सगळ्यात सोपं. तसं न करता दोन राउटर एकामागे एक जोडले की दोघेही घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतात. त्यातून दोघांचाही स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असला तर सेटिंगचं पान नेमकं कोणाचं उघडतंय हेच कळेनासं होतं. फायबरची तार मात्र काढू नका, घट्ट वळवू नका, खिळ्याला गुंडाळू नका. टोकावर धूळ बसली तरी सिग्नल मार खातो. आणि टोकात डोळा घालून 'प्रकाश येतोय का' बघायचं तर मुळीच नाही. तो लेझर डोळ्याला दिसत नाही, पण डोळ्यात जातोच. डब्यावर 'लॉस' नावाचा लाल दिवा लागला तर ती लाइनची तक्रार आहे, राउटरशी झटापट करू नका.

जागा. माझा आधीचा राउटर टीव्हीच्या मागे, कोपऱ्यात, लोखंडी कपाटाला टेकून बसला होता आणि मी कनेक्शनला शिव्या देत होते. धातू, आरसा, पाण्याची टाकी, माशांचं काचघर, काँक्रीटची भिंत हे सगळे सिग्नल खातात किंवा परतवतात. घराच्या साधारण मध्ये, उंचावर, उघड्यावर ठेवा. अँटेनाच्या दांड्यातून सिग्नल आजूबाजूला पसरतो, टोकाच्या दिशेला फार कमी जातो. त्यामुळे एका मजल्याच्या घरात दांडे उभेच ठेवा, वर-खाली मजले असतील तर एखादा आडवा करून बघा. मध्यापर्यंत वायर पोचत नसेल तर लांब वायर घ्या. शंभर मीटरपर्यंत या वायरीला काही होत नाही, घरात तेवढं लागणारही नाही. वायर 'कॅट ५ई' किंवा वरची असू दे. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात आणि गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटच्या वेगाला, चारही लागतात. एक जोडी तुटली तरी नेट चालतं, पण बहुधा शंभर मेगाबिटवर येऊन थांबतं, आणि आपण भलतीकडेच दोष शोधत फिरतो. तसंच राउटर घेतानाच 'वॅन' पोर्ट किती वेगाचा ते वाचा. स्वस्तातल्या कित्येकांचा शंभर मेगाबिटचाच असतो. दोनशेचं कनेक्शन घेऊन त्यात खुपसलं तर मिळणार शंभरच्या आतच.

अडॅप्टर: जुन्याचा आणि नव्याचा, दोन्हींवर आत्ताच चिठ्ठी चिकटवा. पिन सारखी दिसते, व्होल्ट वेगळे असतात. ९ व्होल्टच्या राउटरला १२ चा लावून तो जळाला तर माझी ही यादी काही कामाची नाही.

आता जोडणी. भिंतीकडून आलेली वायर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेल्या भोकात. रंगावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा रंग निराळा, अक्षरं वाचा. सेटिंग शक्यतो लॅपटॉपवरून आणि वायरीने करा. फोनवरून करणार असाल तर मोबाइल डेटा बंद करा. नाहीतर 'या वायफायला इंटरनेट नाही' असं ठरवून फोन गुपचूप डेटावर उडी मारतो, सेटिंगचं पान उघडत नाही आणि आपल्याला वाटतं राउटरच बिघडलेला आला.

आणि आता तो कागद. आणलात ना? पीपीपीओई निवडा, युजरनेम भरा, पासवर्ड भरा. फोनवर टाइप करत असाल तर कीबोर्ड पहिलं अक्षर आपणहून मोठं करतो आणि शेवटी एक रिकामी जागा सोडतो. दोन्ही तपासा, ती रिकामी जागा डोळ्यांना दिसत नाही पण चुकीची ठरते. व्हीलॅनचा आकडा भरा. इतकं करूनही जोडलं गेलं नाही तर लगेच पासवर्डवर संशय घेऊ नका. जुना राउटर नुकताच काढलाय, त्याचं लॉगिन पलीकडे अजून चालू धरलेलं असू शकतं. सगळं बंद करून काही मिनिटं थांबा, आधी भिंतीवरचा डबा चालू करा, मग राउटर. तरी नाही, तर मॅक पत्ता. तरीही नाही, तर फोन. पण हातात युजरनेम लिहिलेला कागद असताना केलेला फोन आणि नसताना केलेला फोन यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कागद नसेल तर ते आधी तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करायला लावतात.

नेट आलं? वायफायला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, एका अक्षराचाही फरक नको. घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा, सगळे आपोआप जोडले जातात, त्यांना राउटर बदललेला कळतही नाही. मी मागे हौसेने नवं नाव दिलं आणि प्रिंटरच्या दोन बटणांशी तासभर कुस्ती केली. जुना पासवर्ड फारच सोपा असेल किंवा सगळ्यांना तोंडपाठ झाला असेल तर मात्र बदला, कुस्ती सोसा.

सुरक्षेत 'डब्ल्यूपीए२' किंवा 'डब्ल्यूपीए३', दोन्ही एकत्र असा पर्याय असेल तर उत्तम. 'वेप' दिसलं तर त्याकडे फिरकू नका, ते केव्हाच फुटलेलं आहे. 'डब्ल्यूपीएस'चा (वायफायच्या पासवर्डऐवजी चालणारा) पिन बंद करा. तो आठ आकडी दिसतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा असतो. त्यामुळे कोट्यवधी नव्हे, जेमतेम ११ हजार प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं. सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड बदला. 'रिमोट मॅनेजमेंट', म्हणजे घराबाहेरून सेटिंगमध्ये शिरायची सोय, बंद.

वायफायच्या लहरींत २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं, भिंतींतून बरं जातं, पण गर्दी फार आणि वेग कमी. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण दोन भिंतींपलीकडे दमतं. दोन्ही चालू ठेवा. स्मार्ट बल्ब, प्लग वगैरे बहुधा फक्त २.४ वरच जोडले जातात. २.४ चं चॅनल १, ६ किंवा ११, मधलं कुठलं नको.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा, होत असताना वीज काढू नका. वेग आधी वायरीने मोजा, मग वायफायवर. शंभर मेगाबिट म्हणजे डाउनलोडमध्ये सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेव्हा तक्रारीआधी आठने भागा. राउटरला बॅटरी बॅकअप देणार असाल तर भिंतीवरच्या डब्यालाही द्या. बाकी गेस्ट नेटवर्क वगैरे सवडीने.

सेटिंगचा बॅकअप काढण्याची सोय असते, काढा, पण त्या फाइलच्या भरवशावर राहू नका, दुसऱ्या कंपनीच्या राउटरला ती वाचता येत नाही. युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन आणि मॅक लिहिलेला कागद नव्या राउटरच्या रिकाम्या खोक्यात टाका आणि खोका फेकू नका. जुना राउटर आठवडाभर कपाटात तसाच राहू दे, चिकटपट्टीसकट. कागद खोक्यात आहे ना, हे आठवड्याने उघडून बघा. मग काढा पट्टी.