पेपरच्या आधी कानात काय लावायचं?

आमच्या कोकण बोर्डाचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला, ऐकायला छान वाटतं पण ते ओझं बसतं दहावीच्या पोरांच्या डोक्यावर. मी रत्नागिरीत घरीच क्लास घेते, फेब्रुवारी लागला की पोरांचे हात गार पडायला लागतात, एकीचं तर पेन घामाने बोटांतून सटकायचं. तेव्हापासून पोरांना शांत करायला लाटा-पावसाचे आवाज ऐकवायचा हा ऑडिओचा प्रकार सुरू केला. खर्च शून्य.

पहिलं म्हणजे ऑनलाइन लावू नका. मी तीच चूक केली, पोरं डोळे मिटून छान बसलेली आणि मध्येच कसलीतरी कर्जाची जाहिरात एवढ्या जोरात वाजली की सगळी दचकली, नंतर अर्धा तास नुसतं खिदळणं. त्यापेक्षा स्वतः रेकॉर्ड करा. भाट्याच्या किनाऱ्यावर सकाळी लवकर जायचं, कारण दुपारी खारा वारा सुटला की रेकॉर्डिंगमध्ये लाटा राहतात बाजूला आणि नुसती फडफड येते. सुरूच्या झाडांच्या आडोशाला उभं राहायचं, फोनच्या माइकवर पातळ मोजा चढवायचा, पंधरा मिनिटं रेकॉर्डर चालू आणि तोंड बंद (माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये मी बांगड्याचा भाव करतेय). कौलांवरचा पाऊसही भारी लागतो, पण तो जुलैतच करून ठेवा, परीक्षेच्या वेळी कुठून आणणार? एका मुलाला मात्र पाऊस ऐकला की सारखं लघवीला लागायचं, त्याला मग तानपुरा लावून दिला.

गाणी नकोत. शब्द असले की मन त्यांच्यामागे जातं आणि मग भूमितीच्या पेपरात तेच कडवं डोक्यात फिरत बसतं.

आता ऐकायचं कसं, तर फोन एअरप्लेन मोडवर, आवाज अर्ध्याच्या आसपास, पाठ टेकून बसायचं आणि चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, म्हणजे मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा हळू पडतात म्हणून सोडणं लांबवायचं, खरं काम हा श्वासच करतो, लाटा फक्त त्याला ताल देतात. रोज दहा मिनिटं, पेपरच्या निदान पंधरा दिवस आधीपासून आणि रोज तोच ऑडिओ, म्हणजे सवय लागते. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदाच लावलात तर काही होणार नाही, उलट पोरगं वैतागेल.

आणि हो, याने मार्क वाढतात वगैरे पालकांनी डोक्यात घेऊ नका. 1993 चा तो मोझार्टचं संगीत ऐकवून बुद्धीच्या चाचणीत गुण वाढल्याचा गाजलेला प्रयोगसुद्धा कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता.

एसटीत ऐकू नका, इंजिनाच्या वर ऐकू यायला आवाज वाढवावा लागतो, मग शांत कसलं डोंबलाचं. अकराचा पेपर असेल तर साडेदहाला आत जायचं असतं, म्हणून दहाच्या सुमाराला केंद्राजवळ सावलीत बसून ऐकायचं आणि फोन घरच्यांकडे द्यायचा. आत बाकावर पेपर हातात येईपर्यंत ऑडिओशिवाय तसेच तीन श्वास, तीच लाट आठवून. पेन सटकणारी ती पोरगी हे करायची, शिवाय मांडीवर रुमाल ठेवायची.