रिलेचे कम्युनिकेशन पोर्ट आणि इव्हेंट रेकॉर्डिंग कसे सेट करावे

लोअर परळमधल्या एका इमारतीच्या तळघरातलं ११ केव्ही सबस्टेशन, ऐन जुलै, रात्रीची वेळ. फीडर (वीज पुढे नेणारी लाइन) ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. कारण बघायला त्या फीडरवर लक्ष ठेवणाऱ्या रिलेची इव्हेंट यादी उघडली, तर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच इनपुट: चालू, बंद, चालू, बंद. पॅनेलच्या दाराचा लिमिट स्विच सैल झाला होता. यादी भरली की जुनी नोंद पुसली जाते, आणि आम्हाला हवी असलेली ट्रिपची नोंद त्यातच गेली. जे उरलं होतं त्यावर तारीख होती १ जानेवारी २०००. दोष सापडेपर्यंत उजाडलं. म्हणून हे लिहितो आहे.

सीटीतून (करंट ट्रान्सफॉर्मरमधून) येणारा करंट मोजून ब्रेकरला (फीडर तोडणाऱ्या स्विचला) ट्रिपचा हुकूम देतो तो रिले. हे काम अधिकृत इंजिनिअरनेच करायचं, परमिट घेऊन आणि फीडर बंद ठेवून. चालू फीडरची ट्रिप लिंक (रिलेचा हुकूम ब्रेकरपर्यंत नेणारी जोडणी) उघडली तर त्याचं संरक्षणच जातं. लॅपटॉप पुढच्या पोर्टला जोडलात की सर्वांत आधी सध्याची सेटिंग फाइल वाचून जपून ठेवा.

आता मागचा आरएस-४८५ पोर्ट, एकाच केबलवर अनेक रिले जोडणारा. मॉडबस (डेटा देवाणघेवाणीची एक पद्धत) असेल तर प्रत्येक रिलेला १ ते २४७ मधला वेगळा पत्ता द्या. बॉड रेट (डेटाचा वेग) आणि पॅरिटी (चूक तपासायचा बिट) मात्र लाइनवरच्या सगळ्यांची एकसारखी हवी. ९६०० किंवा १९२०० बहुधा पुरतो. केबल एका रिलेतून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने न्या, मधूनच फांद्या काढू नका. १२० ओहमचा रेझिस्टर फक्त दोन टोकांना. शील्ड एकाच बाजूला अर्थ करा. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे सगळं बरोबर असूनही रिले उत्तर देत नसेल तर आधी या दोन वायरी अदलाबदल करून पाहा.

इथरनेटला आयपी पत्ता आणि सबनेट मास्क द्या, कंपनीचा पासवर्ड बदला, न वापरलेले पोर्ट बंद करा. हे जाळं इमारतीच्या वायफायपासून वेगळंच असू द्या.

मग घड्याळ. नोंदीत मिलिसेकंद दिसतात म्हणून वेळ खरी असतेच असं नाही. टाइम सर्व्हर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देतो, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. काही रिलेंना हा फरक ३३० मिनिटं असा द्यावा लागतो. तो रिलेत आणि स्काडात (सबस्टेशनवर नजर ठेवणाऱ्या संगणक प्रणालीत) अशा दोन्हीकडे टाकला, तर स्काडातली नोंद साडेपाच तास पुढे पळते. दोन शेजारच्या फीडरपैकी आधी कोण ट्रिप झाला, हे दोघांची घड्याळं जुळलेली असतील तरच कळतं.

इव्हेंट निवडताना हात आखडता घ्या. पिकअप (करंटने ठरलेली मर्यादा ओलांडली तो क्षण), ट्रिप, ब्रेकरची स्थिती, ट्रिप सर्किटची बिघाड-सूचना, सेटिंगमधला बदल, सप्लाय जाणं-येणं एवढं हवंच. दार, हीटर असले इनपुट यादीतून काढा, किंवा त्यांना डिबाउन्स वेळ द्या, म्हणजे इनपुट तेवढा वेळ स्थिर राहिलं तरच नोंद होईल. आमचा घोळ एवढ्यानेच टळला असता.

डिस्टर्बन्स रेकॉर्ड म्हणजे करंट-व्होल्टेजचा आलेख. तो पिकअपवर सुरू करा. ट्रिपवर सुरू केलात तर दोषाची सुरुवात हातची जाण्याची भीती असते. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे एक सायकल २० मिलिसेकंदांची; पिकअपच्या आधीच्या १० सायकल ठेवल्या की २०० मिलिसेकंद झाले. रिले ०.८ सेकंदाने ट्रिप देणार असेल, तर ब्रेकर उघडून करंट शून्य होईपर्यंत सगळं मावायला रेकॉर्ड दीड सेकंदाचा हवा. फार लांब ठेवलात तर मेमरीत मोजकेच रेकॉर्ड मावतील.

शेवटी सेकंडरी इंजेक्शन किटने (सीटीऐवजी रिलेला चाचणीचा करंट देणाऱ्या यंत्राने) करंट देऊन रिले खरोखर ट्रिप करा. यादीत पिकअप, ट्रिप, ब्रेकर उघडला, याच क्रमाने नोंदी यायला हव्यात, आणि त्यांची वेळ मनगटावरच्या घड्याळाशी जुळायला हवी. रेकॉर्ड कॉमट्रेडमध्ये (अशा रेकॉर्डच्या प्रमाणित फाइल स्वरूपात) उतरवून उघडून पाहा; सीएफजी आणि डॅट या दोन्ही फाइल सोबत लागतात. चाचणीच्या नोंदी पुसा, ट्रिप लिंक परत लावली का ते दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या, नवी सेटिंग फाइल तारखेच्या नावाने ठेवा आणि रिलेचा पत्ता, बॉड रेट, पॅरिटी लिहिलेली चिठ्ठी पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. पावसाळ्यातल्या दमट तळघरात कागद टिकत नाही, तेव्हा लॅमिनेट करून.