रोबोट हात हलवतोय, पण कोणाच्या सांगण्यावरून? ईईजी-रोबोट थेरपीतल्या या चुका टाळा

स्क्रीनवरचा हिरवा पट्टा भरला, रोबोटने काकांचा उजवा हात टेबलावर पुढे नेला आणि मागे उभ्या असलेल्या काकूंनी टाळ्या वाजवल्या. पक्षाघाताला आठ महिने झाले होते, मूठ अजून उघडत नव्हती, आणि इथे डोक्यावरच्या ईईजी टोपीमुळे 'नुसत्या मनाने' हात पुढे जात होता. (टोपीतले इलेक्ट्रोड मेंदूतली वीज टिपतात, सॉफ्टवेअर त्यातून हलवायचा प्रयत्न ओळखतं आणि रोबोटला हात हलवायला सांगतं.) टाळ्या वाजणारच. तीन सेशन असेच झोकात गेले. चौथ्या दिवशी काकांची हिरडी दुखत होती म्हणून ते कवळी घरी ठेवून आले, आणि रोबोट ढिम्म हलेना.

टोपी बदलली, जेल पुन्हा भरलं, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं. शेवटी आधीच्या सेशनचं रेकॉर्डिंग उघडलं तेव्हा दिसलं, की 'हात पुढे न्या' अशी सूचना आली की काका जीव खाऊन दात आवळत होते. कानशिलाच्या स्नायूची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी जोरकस असते. सॉफ्टवेअरला आम्ही 'प्रयत्न' आणि 'विश्रांती' यांतला फरक शिकायला सांगितलं होतं. सगळ्यात ठळक फरक जबड्यात होता, त्याने तोच उचलला. तीन दिवस काकांच्या कवळीने रोबोट चालवला होता. चूक माझी. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सॉफ्टवेअरला पेशंटच्या लहरी शिकवायच्या वेळी मी अचूकतेचा आकडा पाहिला, लहरी पाहिल्याच नाहीत.

या थेरपीतल्या बऱ्याच चुका याच जातीच्या असतात. यंत्र बंद पडलं तर निदान कळतं तरी. यंत्र छान चाललंय आणि पेशंटच्या मेंदूचा त्यात काही हात नाही, हे मात्र महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

मेंदूचा प्रयत्न आणि हाताची हालचाल यांची गाठ एवढी महत्त्वाची का, हे दोन अभ्यासांवरून कळतं. जर्मनीतल्या ट्युबिंगेनला ३२ जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेला प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही गटांना तेच यंत्र आणि नंतर फिजिओथेरपीही तीच. फरक एवढाच, की एका गटात मेंदूच्या लहरी बदलल्या की यंत्र हलायचं, दुसऱ्यात ते आपल्या मर्जीने कधीही हलायचं. पहिल्या गटात हाताची हालचाल मोजणाऱ्या फ्यूगल-मायर चाचणीच्या गुणांत सरासरी सुमारे ३.४ची भर पडली, दुसऱ्यात तसं झालं नाही. ३.४ गुण म्हणजे काही हात पूर्ववत झाला असं नव्हे. पण यंत्र तेच असताना फक्त गाठ मारल्याने फरक पडला. याउलट ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेली, २०१९ साली प्रसिद्ध झालेली 'रॅटल्स' चाचणी बघा. त्यात मेंदूशी न जोडलेला एमआयटी-मॅनस रोबोट वापरला होता आणि नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत हाताच्या कामात सरस सुधारणा दिसली नाही. नुसता रोबोट आणून ठेवल्याने भागत नाही, हे एवढ्यावरून घ्यायला हरकत नाही.

तेल लावून आलेलं डोकं

आपल्याकडची पहिली अडचण खोबरेल तेल. आजीला 'डॉक्टरकडे जायचंय' म्हटलं की सुनबाई मायेने चापून तेल लावतात, घट्ट अंबाडा घालतात, कपाळावर कुंकू किंवा चंदन असतं. तेलाच्या थरावर जेल टिकत नाही, अंबाड्यामुळे टोपी मागून उचलली जाते, आणि कपाळावरचा ग्राउंड, म्हणजे सगळ्या चॅनेलना सामाईक असलेला इलेक्ट्रोड, नेमका कुंकवावर बसतो. आदल्या दिवशीच निरोप द्या: न्हाऊन या, तेल नको, केस खाली सैल बांधा. कुंकू पुसायला लावताना मात्र जरा जपून. काहींना ते आवडत नाही. ग्राउंड थोडा बाजूला सरकवला तरी काम होतं.

साध्या जेलच्या इलेक्ट्रोडना इम्पीडन्स (कातडी आणि इलेक्ट्रोड यांमधला विजेचा अडथळा) ५ किलोओहमच्या खाली आणायचा असा जुना दंडक आहे. अॅक्टिव्ह इलेक्ट्रोड (ज्यांच्यातच सिग्नल वाढवणारा छोटा भाग असतो) त्याहून बरंच जास्त चालवून घेतात, त्यामुळे आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघा. बिघाड शोधताना क्रम असा ठेवा: एकच चॅनेल खराब असेल तर तो इलेक्ट्रोड बघा. सगळेच्या सगळे एकदम बिघडले असतील तर एकेकाच्या मागे लागू नका, ग्राउंड आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजले जातात तो इलेक्ट्रोड) तपासा. शेजारच्या दोन चॅनेलच्या लहरी जुळ्या भावांसारख्या दिसत असतील तर जेल जास्त होऊन दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांना मिळालेत. पुसून पुन्हा भरा. आणि मे महिन्यात पंख्याखाली सगळ्या रेषा हळूहळू वरखाली डुलायला लागल्या तर तो घाम आहे.

मोटारीची वीज मेंदूच्या नावावर

डोक्यावरून मिळणारा सिग्नल जेमतेम काही दहा मायक्रोव्होल्टचा (व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत मोजायचा), आणि हातभर अंतरावर रोबोटच्या मोटारी. इथे सगळे पटकन ५० हर्ट्झचा नॉच फिल्टर (घरगुती विजेची गुणगुण कापणारी चाळणी) लावतात आणि रेषा स्वच्छ दिसली की निर्धास्त होतात. पण मोटारीच्या ड्रायव्हरचा गोंगाट फक्त ५० हर्ट्झवर नसतो, आणि केबल हलल्याने येणारा हेलकावा तर थेट आपल्या कामाच्या पट्ट्यात, ८ ते ३० हर्ट्झमध्ये, येऊ शकतो.

एक सोपी चाचणी करा. पेशंटला स्वस्थ बसवून तीनदा दोन-दोन मिनिटं रेकॉर्ड करा: रोबोट बंद असताना, रोबोट चालू पण स्थिर असताना, आणि रोबोट पेशंटच्या हाताशिवाय एकटाच हलत असताना. पेशंट तिन्ही वेळा तसाच बसलाय. तिसऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ८ ते ३० हर्ट्झमध्ये काही वेगळं दिसलं, तर ते यंत्राचं आहे. केबल टोपीपासून पाठीमागे नीट बांधा, अॅम्प्लिफायर रोबोटच्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका, लॅपटॉप बॅटरीवर चालवा. आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढायचा जुगाड कुणी सुचवला तर त्याला खोलीबाहेर काढा. पेशंटच्या डोक्याला ओला इलेक्ट्रोड लावलेला असताना अर्थिंगशी खेळायचं नाही.

यंत्र हललं, म्हणून मेंदू हलला

ही चूक हुशार लोक करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हात हलवायचा प्रयत्न केला की विरुद्ध बाजूच्या हालचाल-केंद्रावर ८ ते १३ हर्ट्झची म्यू लहर मंदावते, म्हणजे तिचा जोर कमी होतो, १३ ते ३० हर्ट्झची बीटाही मंदावते. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये गर्ट फुर्टशेलर यांनी १९७०च्या दशकापासून यावर काम केलं, आणि आजची बरीच उपकरणं त्याच खुणेवर चालतात. गोम अशी, की हात दुसऱ्याने हलवला तरी म्यू लहर मंदावते. म्हणजे रोबोटने हात हलवायला सुरुवात केल्यावरचा सिग्नल 'प्रयत्ना'सारखाच दिसतो. कॅलिब्रेशनमध्ये सूचनेपासून पाच सेकंदांचा तुकडा घेतला, त्यात तिसऱ्या सेकंदाला रोबोट हलला, की सॉफ्टवेअर पेशंटचा प्रयत्न न शिकता रोबोटचा धक्का शिकतं. कागदावर अचूकता झकास. प्रत्यक्ष थेरपीत मात्र रोबोट हलायच्या आधी निर्णय घ्यायचा असतो, आणि तिथे काहीच सापडत नाही.

कागदावर उत्तम आणि प्रत्यक्षात फुसकं निघालं तर आधी हा वेळेचा तुकडा तपासा. मग हे बघा, की एकाच प्रयत्नाचे शेजारशेजारचे तुकडे शिकवायलाही वापरलेत आणि परीक्षेलाही, असं तर झालं नाही? तसं असेल तर पेपर फुटलेला आहे. अख्खा प्रयत्न एकतर या बाजूला ठेवा, नाहीतर त्या.

आकड्यांची एक गंमत लक्षात असू द्या. 'प्रयत्न की विश्रांती' अशा दोनच पर्यायांत २० पैकी १४ बरोबर आले की ७० टक्के म्हणून पेढे वाटले जातात. नाणं उडवूनही २० पैकी १४ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे ६ टक्के असते. ४० प्रयत्न घ्या, त्यात २६च्या वर गेलात तर बोलू.

उशीर

मेंदूचा प्रयत्न आणि हातातून परत येणारी जाणीव एकाच वेळी पोचायला हवी, सगळा खेळ त्यावर आहे. सॉफ्टवेअर एक सेकंदाचा तुकडा जमवतं, ब्लूटूथ आपला वेळ खातं, निकाल स्थिर व्हावा म्हणून तीन निकालांची सरासरी घेतली जाते, मग रोबोट अलगद सुरू होतो. बेरीज केली तर दोन-अडीच सेकंद सहज जातात. तोवर पेशंटने प्रयत्न सोडलेला असतो.

हा उशीर मोजायला महागडं काही लागत नाही. मोबाइल स्लो-मोशनवर ठेवून स्क्रीन आणि रोबोटचा दांडा एकाच चौकटीत घ्या, फ्रेम मोजा. स्क्रीनवरची खूण आणि हालचाल यांतलं अंतर दर वेळी सारखं असेल तर काही करता येतं. कधी अर्धा सेकंद, कधी दोन, असं असेल तर दोन यंत्रांची घड्याळं वेगळी चालत आहेत किंवा वायरलेस जोड अडखळतोय. तिथे तार वापरा.

'विचार करा' असं सांगू नका

'हात हलतोय असा विचार करा' म्हटलं की बहुतेकजण डोळे मिटून आपला हात सिनेमासारखा बघतात. त्याने हालचाल-केंद्र फारसं जागं होत नाही. हालचाल आतून जाणवायला हवी. ज्याच्या हातात थोडीशी का होईना हालचाल उरली आहे, त्याला सरळ प्रयत्न करायला सांगा. एका आजींना 'मूठ उघडा' कळत होतं पण जमत नव्हतं. 'कणकेचा गोळा दाबून धरलाय, आता सोडा' म्हटल्यावर सी३ वरची (डाव्या हालचाल-केंद्रावरच्या इलेक्ट्रोडची) लहर पहिल्यांदा खाली गेली. शेतकऱ्याला कासरा, शिंप्याला कात्री. प्रत्येकाचा हात वेगळ्या कामाने घडलेला असतो.

डाव्या मेंदूला इजा झाली की उजव्या अंगाबरोबर बऱ्याचदा भाषाही जाते. तिथे शब्द कमी, करून दाखवणं जास्त. उजव्या मेंदूच्या इजेत कधीकधी डावी बाजू जगातूनच पुसली जाते. अशा पेशंटसाठी सूचना स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात दिली तर 'सहकार्य करत नाहीत' असा शेरा मारायला आपण मोकळे. सूचना उजवीकडे आणा.

डोक्याचा आणि औषधांचा इतिहास न विचारणं

कवटीचा तुकडा काढलेला असेल तर त्या भागावर लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, कारण मधलं हाड नाही. तो 'छान सिग्नल' समजू नका. आणि तिथे टोपी दाबून बसवायची की नाही, हे न्यूरोसर्जनना विचारल्याशिवाय ठरवू नका. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्यांपैकी क्लोनाझेपामच्या जातीच्या गोळ्यांनी बीटा वाढतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनने काहींना पेंग येते. गेल्या आठवड्यात चालणारं कॅलिब्रेशन आज चालत नसेल तर गोळी कधी घेतली आणि जेवण कधी झालं, हे आधी विचारा. आमच्या वहीत त्यासाठी वेगळा रकाना आहे.

इजा झालेल्या बाजूला खूण सापडतच नसेल तर तासन्‌तास तिथेच शोधत बसायला नको. अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने एप्रिल २०२१मध्ये मान्य केलेलं इप्सिहँड हे उपकरण निरोगी बाजूच्या लहरी वाचतं. कुठली बाजू वापरणं चांगलं यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे, पण काय निवडलं ते पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. मध्येच बदललं तर आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडून काही कळत नाही.

पेशंट खूष राहावा म्हणून

पट्टा भरत नाही, पेशंट हिरमुसतो, मग थेरपिस्ट हळूच उंबरठा, म्हणजे रोबोट हलायला लागणारी लहरींतल्या बदलाची पातळी, खाली आणतो. रोबोट प्रत्येक वेळी हलायला लागतो, आणि 'मी काही केलं नाही तरी हात जातोच' हे पेशंटच्या शरीराला दोन दिवसांत कळतं. माणूस आळशी नसतो, शरीर हिशेबी असतं. म्हणून रोबोटने हवी तेवढीच मदत करायची, हात थोडा जरी स्वतः गेला तर मागे हटायचं. अधूनमधून 'काही करू नका' असे रिकामे प्रयत्नही घाला. त्यातही रोबोट हलत असेल तर उंबरठा खोटा आहे.

रोबोट नीट बसला नसेल तर वरचं सगळं वाया. कोपराचा सांधा आणि रोबोटचा सांधा एका रेषेत नसेल तर प्रत्येक फेरीत कातडी ओढली जाते, आणि निखळलेल्या खांद्याला तर ते फारच लागतं. सेशन संपल्यावर पट्ट्याखालची कातडी बघा.

राहिला जबडा. आता आम्ही प्रत्येकाच्या गालावर आणि मनगटाच्या वर स्नायूंचे दोन-दोन इलेक्ट्रोड लावतो. हातातल्या स्नायूत थोडी वीज सापडली तर ती टाकून देऊ नये. आयआयटी कानपूर आणि उत्तर आयर्लंडचं अल्स्टर विद्यापीठ यांनी हाताच्या पंजाच्या यंत्रासाठी मेंदू आणि स्नायू दोन्हींचे सिग्नल एकत्र वाचण्यावर काम केलं आहे, ते अशाच पेशंटना उपयोगी पडणारं. गालाचा सिग्नल मात्र फक्त पहारेकरी. तो वर गेला की तो प्रयत्न बाद.

काकांना आम्ही त्यांच्या गालाची रेषा दाखवली, 'ओठ मिटा, दात सुटे ठेवा' म्हणून सांगितलं आणि सगळं पहिल्यापासून शिकवलं. पहिल्या दिवशी २० प्रयत्नांत रोबोट ६ वेळा हलला. काकूंना ते काही पसंत पडलं नाही. काकांनी मात्र जाताना खिशातून रुमालात गुंडाळलेली कवळी काढली आणि विचारलं, "आता ही घातली तर चालेल का?"