पहिली व्हिज्युअल नॉव्हेल: कुठली घ्यायची आणि कशी वाचायची

अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन) बघणारी मंडळी मला नेहमी विचारतात, "व्हिज्युअल नॉव्हेल सुरू करायची आहे, कुठली घेऊ?" आणि बहुतेकांच्या मनात आधीच एखादं अवाढव्य नाव पक्कं झालेलं असतं. माझ्या मावसभावाने असंच थेट फेट/स्टे नाइट ही लांबलचक कथा उघडली आणि सुरुवातीच्या लांबलचक प्रस्तावनेतच गाडी अडकली. तेव्हापासून माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिली छोटी घ्या, आणि जिच्यात एकही निर्णय घ्यावा लागत नाही अशी घ्या.

आधी हे असतं काय ते बघू. पडद्यावर एखाद्या जागेचं चित्र, त्याच्यासमोर उभी पात्रं, खाली मजकुराची चौकट. क्लिक केलं की पुढचं वाक्य येतं. मागे संगीत, पावसाचा किंवा रेल्वेचा आवाज, बऱ्याचदा जपानी कलाकारांनी बोललेले संवाद. पळापळ नाही, मारामारीची बटणं नाहीत. नभोनाट्यं ऐकत मोठा झालेला माणूस यात चटकन रमतो, कारण दार करकरलं की पुढची खोली आपली आपणच उभी करायची असते.

आवाजाला इतकं महत्त्व का, याचं उत्तर इतिहासात आहे. 1983 साली युजी होरी यांनी कोबे शहरात घडणारा, खुनाच्या तपासाचा 'पोर्टोपिया' हा गेम केला. पुढे 'ड्रॅगन क्वेस्ट' ही प्रसिद्ध गेममालिका करणारे होरी ते हेच. पण आजच्या रूपाच्या जवळ जाणारी गोष्ट 1992 मध्ये आली. चुनसॉफ्ट कंपनीने 'ओतोगिरिसो' काढला आणि त्याला 'साउंड नॉव्हेल' म्हटलं. चित्रं मोजकी, भीती सगळी आवाजात. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हे नाव रूढ झालं ते लीफ या कंपनीने 1996 पासून आपल्या मालिकेला ते दिल्यावर. म्हणून हात जोडून सांगते, हेडफोन लावा. लोकलमध्ये उभं राहून, आवाज बंद करून वाचण्याची ही चीज नाही.

पहिली निवड म्हणून मी 'प्लॅनेटेरियन' सुचवते. 'की' (Key) नावाच्या कंपनीची, 2004 ची, एका सुट्टीच्या दिवसात संपणारी. पर्याय एकही नाही, म्हणजे कथा पुढे कुठे वळेल ते तुम्हाला निवडावं लागत नाही. अशा बिनपर्यायी कथेला ते 'कायनेटिक नॉव्हेल' म्हणतात. युद्धाने उद्ध्वस्त झालेलं शहर आहे, तिथे पाऊस थांबत नाही. उपयोगी सामान शोधत फिरणारा एक माणूस जीव वाचवत एका डिपार्टमेंट स्टोअरच्या गच्चीवरच्या तारांगणात शिरतो. तिथे युमेमी नावाची रोबो मुलगी तीस वर्षं प्रेक्षकांची वाट बघत थांबलेली आहे. ती त्याचं स्वागत करते, तुम्ही आमचे पंचवीस लाखावे प्रेक्षक आहात असं सांगते, आणि मोडक्यातोडक्या वस्तूंतून बांधलेला एक गुच्छ त्याच्या हातात देते. शहर संपलंय हे तिच्या गावीही नाही. ती भरभरून बोलत राहते, तो वैतागत राहतो, आणि बाहेर पाऊस पडत राहतो. यापुढचं सांगणार नाही. तारांगणातला प्रक्षेपक मात्र नीट बघा. त्याला ती 'येना-सान' म्हणते. जर्मनीतल्या येना शहरात कार्ल झाइस कंपनी खरोखर असे प्रक्षेपक बनवायची, त्यावरून ते नाव आलं.

सुरू करण्याआधी सेटिंग्जमध्ये पाच मिनिटं घालवा. संगीताचा आवाज थोडा कमी करा आणि संवादांचा वर ठेवा. अक्षरं उमटण्याचा वेग तुमच्या वाचनाच्या वेगाच्या किंचित पुढे असू दे. 'ऑटो' लावलं की वाक्यं आपोआप पुढे सरकतात. संवाद बोललेले असतील तर हे फार सुखाचं, जेवताना हात मोकळा राहतो. माउसचं चाक वर फिरवलं की बहुतेक ठिकाणी मागचा मजकूर उघडतो, त्याला बॅकलॉग म्हणतात. फोन आला, लक्ष उडालं, तर तिथूनच परत वाचायचं. 'स्किप'ला दोन रूपं असतात, वाचलेलं वगळा आणि सगळंच वगळा. ते कायम पहिल्यावर ठेवा, नाहीतर न वाचलेलं प्रकरण डोळ्यांदेखत उडून जातं. संगणकाची चिंता नको, या कथांना भारी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. कॉलेजचा जुना लॅपटॉप सहसा पुरतो.

दुसरी पायरी 'हिगुराशी नो नाकू कोरो नी'. माझं सगळ्यात लाडकं काम. र्युकिशी07 या लेखकाने मित्रमंडळींबरोबर तयार केलेला पहिला भाग ऑगस्ट 2002 मध्ये टोकियोच्या कॉमिकेट या हौशी निर्मात्यांच्या मेळ्यात विकायला ठेवला. एकूण आठ भाग: चार कोडी घालणारे, चार उलगडणारे. सगळ्या भागांत मूळ चित्रं लेखकाचीच. ती ओबडधोबड दिसतात, हात तर पंजासारखे. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या इंग्रजी आवृत्तीत नवी गुळगुळीत चित्रं आहेत आणि जुन्यांवर जाण्याची सोयही आहे. तुम्ही जुनीच लावा. त्या वेड्यावाकड्या चेहऱ्यांवरचं हसू जेव्हा बदलतं, तेव्हा जे वाटतं ते नव्या चित्रांत येत नाही.

काळ जून 1983, जागा हिनामिझावा नावाचं डोंगरातलं खेडं. शिराकावा-गो या खऱ्या गावावरून ते बेतलेलं आहे. शहरातून आलेला केइची तिथल्या शाळेत रमतो. पत्त्यांचे डाव, हरणाऱ्याला शिक्षा, डब्यातल्या पदार्थांवरून भांडणं असं बराच वेळ चालतं. लोक इथेच कंटाळून सोडतात, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ही मुलं तुम्हाला आवडल्याशिवाय पुढचं काहीच मनाला लागणार नाही. मग हळूहळू कळतं की काही वर्षांपूर्वी गाव धरणाखाली जाणार होतं, गावकऱ्यांनी लढून ते थांबवलं, आणि तेव्हापासून दरवर्षी उत्सवाच्या रात्री कुणीतरी मरतं, कुणीतरी नाहीसं होतं. मुळशी सत्याग्रहाबद्दल वाचलेल्या मराठी वाचकाला त्या गावकऱ्यांचा राग परका वाटणार नाही. स्टीमच्या आवृत्तीत आवाजी संवाद नाहीत, त्यामुळे वेग पूर्ण तुमचा. रात्री वाचा, पण एका बैठकीत एकच प्रकरण.

इथवर आलात की निर्णय घ्यायला लावणारी कथा घ्या. 'स्टाइन्स;गेट' (2009) चांगली. टोकियोतल्या अकिहाबारा या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांसाठी प्रसिद्ध भागाच्या गल्लीबोळांत घडते, आणि भूतकाळात निरोप पाठवता येणं हा तिचा गाभा. इथे पर्यायांची यादी समोर येत नाही. नायकाच्या मोबाइलवर मेल येतो, त्यातले काही शब्द अधोरेखित असतात, त्यातला कुठला निवडून उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवता. किंवा उत्तर देतच नाही. किरकोळ वाटणाऱ्या या उत्तरांवर खरा शेवट अवलंबून आहे. पहिल्यांदा मनाला येईल तसं वाचा, जो शेवट मिळेल तो घ्या. मग खुशाल मार्गदर्शक यादी उघडा आणि उरलेले शेवट गाठा. पहिला अर्धा भाग संथ आहे, तरी तो नीट वाचा, दुसऱ्या अर्ध्यातला प्रत्येक घाव तिथूनच येतो.

पर्याय आला की सेव्ह करा, आणि दरवेळी नव्या खणात (स्लॉटमध्ये). एकाच खणावर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. 'बॅड एंड', म्हणजे वाईट शेवट, आला म्हणून खट्टू होऊ नका. जपानी लेखक तिथे बऱ्याचदा अशी माहिती ठेवतात जी योग्य वाटेवर कळतच नाही. फेट/स्टे नाइट आत्ता घ्या. तिच्या तीन वाटा, म्हणजे कथेच्या तीन शाखा, ठरलेल्या क्रमानेच उघडतात आणि प्रत्येक वाट आधीच्या वाटेला उत्तर देते. 2024 मध्ये तिची अधिकृत इंग्रजी आवृत्ती आली आहे.

निव्वळ वाचनाचा धीर नसेल तर कॅपकॉमची 'एस अटॉर्नी' त्रयी घ्या. वकील होऊन साक्षीदाराचं खोटं पुराव्याने पकडायचं, डोकं सतत कामाला लागतं. नायिकेच्या बाजूने लिहिलेल्या प्रेमकथा हव्या असतील तर त्यांना 'ओतोमे' म्हणतात. त्यात 'हाकुओकी' घ्या. शिनसेनगुमी या शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या दलातल्या सामुराईंची, एदो काळाच्या अखेरची गोष्ट आहे, इतिहासाची आवड असलेल्यांना दुप्पट आनंद. 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' मात्र जपानी नाही, अमेरिकी आहे, आणि या प्रकारच्या संकेतांवरच खेळते. ती चार कथा वाचून झाल्यावर घ्या.

घरातल्या मुलांसाठी घेत असाल तर एक गोष्ट आवर्जून तपासा. अनेक प्रसिद्ध कथा मुळात प्रौढांसाठी निघाल्या, त्यांतल्या कित्येकांच्या सर्वांसाठीच्या आवृत्त्या नंतर आल्या. दुकानाच्या पानावर कुठली आवृत्ती आहे ते लिहिलेलं असतं. शिवाय लैंगिक काही नसलं तरी हिगुराशीत हिंसा भरपूर आहे, शाळकरी मुलांना ती देऊ नका.

पुढची निवड स्वतः करायची असेल तर व्हीएनडीबी या माहितीसंचात शोधा. तिथे प्रत्येक कथेची लांबी दिलेली असते: दोन तासांच्या आतली, दोन ते दहा, मग थेट पन्नासहून जास्त तासांपर्यंत. सुरुवातीचं वर्षभर दहा तासांच्या आतल्याच निवडा. जपानी शिकत असाल (पुण्यात अशी मंडळी भरपूर आहेत) तर ओळखीची एखादी छोटी कथा पुन्हा, या वेळी मूळ भाषेत घ्या. बोललेला संवाद आणि लिहिलेलं वाक्य एकाच वेळी समोर असतं, बॅकलॉगमधून बऱ्याच कथांत तेच वाक्य पुन्हा ऐकताही येतं, आणि कथा माहीत असल्यामुळे अनोळखी कांजीवर (जपानीतल्या चिनी चित्राक्षरांवर) अडून बसावं लागत नाही.