थोडीच वापरलेली एक्सपल्स विकताना या चुका टाळा

शहरातली १२५ सीसीची गाडी विकायची तर गिऱ्हाईक किलोमीटर बघतं, सर्व्हिसची बिलं बघतं आणि भाव पाडतं. हीरो एक्सपल्स २०० किंवा तिच्यासारखी ऑफ-रोड गाडी विकायला काढली की प्रश्न बदलतो. मीटरवर ४,००० किलोमीटर असतील, पण ते कुठले? पुणे-सातारा हायवेचे, की दगडधोंड्यांतले? घेणाऱ्याच्या मनात हा एकच संशय असतो आणि विकणाऱ्याच्या बहुतेक चुका तो संशय वाढवणाऱ्या असतात. उरलेल्या चुका कागदांच्या. त्या जास्त महागात पडतात.

आधी जाहिरातीतली एक गंमत. ‘एक्सपल्स २०० ४व्ही’ हे नाव ‘४ बाय ४’ असं लिहिलेल्या जाहिराती दिसतात. ४व्ही म्हणजे इंजिनातले चार व्हॉल्व्ह. गाडी मागच्याच चाकावर चालते. दोन्ही चाकं ओढणाऱ्या मोटरसायकली असतात, अमेरिकेतली रोकॉन ही त्यातली जुनी, पण तुमच्या पार्किंगमधली ती नव्हे. माहितगार माणूस असली जाहिरात वाचून पुढे सरकतो. अर्धवट माहितीचा माणूस येतो आणि गाडी बघून निराश होऊन जातो.

भाव जुन्या बिलावरून ठरवणे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. म्हणजे दीड लाख एक्स-शोरूमची नवी गाडी सुमारे ११,७०० रुपयांनी उतरली. तुम्ही त्याआधी घेतली असेल, तर तुमच्या बिलावरचा आकडा आता कुणाच्याच कामाचा नाही. घेणारा आजच्या नव्या गाडीच्या ऑन-रोड भावाशी तुलना करतो आणि ते बरोबरच आहे. त्यात २०२५ मध्ये लिक्विड-कूल्ड एक्सपल्स २१० बाजारात आली, त्यामुळे २०० आपोआप ‘जुनं मॉडेल’ ठरली. रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० विकणाऱ्याचं गणित उलटं आहे. ३५० सीसीवरच्या गाड्यांचा कर ४० टक्क्यांवर गेला, त्यामुळे वापरलेल्या गाडीला थोडा टेकू मिळाला.

दुसरं म्हणजे ॲक्सेसरीज. क्रॅशगार्ड, हँडगार्ड, कॅरिअर, फॉगलाइट, हँडल रायझर यांची बिलं जोडून ‘४० हजारांचं सामान लावलंय’ असं सांगितलं, तरी त्याचे चार-पाच हजारही हातात येत नाहीत. महागड्या वस्तू काढून वेगळ्या विका. गाडीवर क्रॅशगार्ड आणि बॅशप्लेट (इंजिनाखालचा संरक्षक पत्रा) तेवढे राहू द्या, कारण ते काढले की खाली काय लपवलंय अशी शंका येते.

मूळचे पार्ट नसताना गाडी दाखवणे

ऑफ-रोडवाला नवी गाडी घेतो आणि पहिल्याच आठवड्यात साडीगार्ड, मागचा लांब मडगार्ड आणि आरसे काढून माळ्यावर टाकतो. विकताना ते माळ्यावरच राहतात. मग बघायला आलेल्याच्या घरचे विचारतात, ‘मागे बसायचं कसं?’ मागचं चाक झाकणारं संरक्षण हा केंद्रीय मोटार वाहन नियमांचा भाग आहे, नुसता शोभेचा नाही. सगळे मूळ पार्ट एका खोक्यात भरा, यादी करा आणि जाहिरातीत त्या खोक्याचा फोटो टाका. मूळ सायलेन्सर असेल तर तो परत बसवाच. नोंदणीशी न जुळणारे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत आणि आवाजाचा दंड नव्या मालकाला पहिल्याच नाक्यावर बसतो.

रॅली किट, म्हणजे गाडी उंच करणारं वेगळं सस्पेन्शन, लावलेल्यांसाठी एक बारीक गोष्ट. किटसोबत लांब साइड स्टँड येतो. विकण्याआधी किट काढून मूळ सस्पेन्शन बसवलं आणि स्टँड लांबच राहिला, तर गाडी जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे आडवी होते. उलट, गाडी उंच आणि स्टँड आखूड असेल तर ती नको तितकी झुकते. दोन्ही एकाच वेळी बदला.

नंबरप्लेटही बघून घ्या. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीच्या डीलरकडूनच बसवून मिळते. पुढची काढून ठेवलेली किंवा मागची पडून दुमडलेली असेल तर डीलरकडून नवी मागवा. साधी प्लेट रंगवून लावू नका.

धुवून चकाचक करणे

ही चूक जवळजवळ सगळे करतात. बघायला माणूस येणार म्हणून आदल्या दिवशी गाडी वॉशिंग सेंटरला नेतात. तिथला मुलगा प्रेशरचा पाइप थेट चाकाच्या मध्यावर, कोनसेटवर (हँडल फिरतं तिथलं बेअरिंग) आणि मागच्या शॉकॲब्सॉर्बरच्या लिंकेजवर, म्हणजे त्याच्या जोडांवर धरतो. पाणी सिलच्या आत जातं, ग्रीस धुपतं, आणि आठवड्याभरात बेअरिंग खरखरू लागतं. तोवर गाडी विकली गेलेली असते आणि फोन तुम्हाला येतो. बादली, कपडा, मऊ ब्रश एवढं पुरतं. ऑइल कूलरच्या पट्ट्यांत वाळलेला चिखल मात्र जरूर काढा, तोही मऊ ब्रशने, हलक्या हाताने, कारण पट्ट्या लगेच वाकतात.

बॅशप्लेटवर काळा स्प्रे मारणं तर सरळ घातक. ठोकर खाल्लेली बॅशप्लेट म्हणजे ती तिचं काम करत होती. रंग मारलेली प्लेट दिसली की माणूस गुडघ्यावर बसून इंजिनाचा तळ, फुटरेस्टचे जोड, फ्रेमचे वेल्डिंग सगळं बघायला लागतो. आपणच त्याला तिकडे बोट दाखवलेलं असतं.

गिऱ्हाईक काय तपासणार हे आधी न तपासणे

अर्धा तास काढून हे घरीच करा. गाडीला सेंटर स्टँड नसतो, तेव्हा बॅशप्लेटखाली लाकडी ठोकळे देऊन एकेक चाक अधांतरी करा, आणि गाडी धरायला दुसरा माणूस असू द्या.

पुढचं चाक उचललेलं असताना हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्यावर ‘टक’ करून अडकलं, तर कोनसेटला खड्डे पडलेत. चाकाची खालची कड धरून पुढे-मागे हलवा. हलत असेल तर कोनसेट ढिला किंवा झिजलेला. मागचं चाक उचलून स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) बाजूला ओढा, मग चाक वर-खाली हलवा. लिंकेजमध्ये खेळ असेल तर तो इथे हाताला लागतो.

स्पोक तपासायला खास स्पोकच्या पान्याची गरज नाही, काठीसारखा धरायला कुठलाही छोटा पाना चालतो. प्रत्येक स्पोकवर हलकं वाजवत जा. ताणलेला स्पोक ‘टिंग’ वाजतो, ढिला ‘ठप्प’. एखाद-दुसरा ढिला असेल तर घासाघीस होत नाही, पण एकाच जागी तीन-चार सलग ढिले असतील तर तिथे रिमला मार बसलाय. मग फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या नळ्यांना) पेन्सिल टेकवून तिचं टोक रिमच्या अगदी जवळ आणा आणि चाक फिरवा. अंतर दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-अधिक होत असेल तर चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्या. हे काम स्पोकच्या चाकांचा जुना, हाताला सवय असलेला कारागीर करतो. चारचाकीचे अलॉय बघणाऱ्याकडे जाऊ नका.

फोर्कवर तेलाची कड दिसली की घाईने ‘सिल गेलं’ म्हणून खर्च करू नका. बऱ्याचदा सिल शाबूत असतं, त्याच्या ओठाखाली चिखलाचा कण अडकलेला असतो. रबरी बूट असेल तर तो सोडवून वर सरकवा, धुळीचं सिल चपट्या स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचला. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा, टोक गोल करा, नळी आणि तेलाच्या सिलच्या मध्ये सरकवून पूर्ण वळसा घ्या. काळं तेल आणि माती बाहेर येते. पुसा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क आठ-दहा वेळा दाबा. पुन्हा कड आली तरच सिल बदला. आणि तेल डिस्कवर उतरलं असेल तर ब्रेक पॅड वाचत नाहीत, तेही बदलावे लागतात.

एअर फिल्टर काढा आणि मागची, इंजिनाकडची बाजू बोटाने पुसा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं पाहिजे. तिथे धूळ असेल तर ती इंजिनात गेली आहे आणि याला रंगरंगोटी नाही. जाणकार गिऱ्हाईक हे झाकण उघडायला सांगतोच.

टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो. ३२२२ म्हणजे २०२२ सालचा ३२ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीचे टायर दिसायला नवे पण रबर कडक झालेलं, हे नेहमीचं आहे. गाठीचे ऑफ-रोड टायर लावलेले असतील तर मूळचेही सोबत द्या, ओल्या डांबरावर रोज जाणाऱ्याला ते नको असतात.

‘कमी वापर’ हाच गुण समजणे

वर्षभर झाकून ठेवलेली गाडी कमी चालली, पण बरी राहिली असं नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं, अर्ध्या रिकाम्या टाकीच्या आतून गंज धरतो, बॅटरी बसते. कोकणात पावसाळाभर उभी असेल तर सीटखालची वायर उंदराने कुरतडलीय का ते बघाच. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. इंजिनातलं तेल किलोमीटरवर नव्हे, महिन्यांवर बदला आणि बिल ठेवा.

गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन गरम करून ठेवणं हीसुद्धा चूक. तो पहिला हात इंजिनाला लावतो. थंड गाडी त्याच्यासमोर सेल्फवर उचलू द्या. फोटोंचंही तेच. सूर्यास्ताचा डोंगरावरचा फोटो एक पुरे. बाकीचे दोन्ही चाकांचे, चेन-स्प्रॉकेटचे, लिव्हरच्या टोकांचे, मीटरचे आणि प्रत्येक ओरखड्याचे जवळून काढा.

टेस्ट राइडला लायसन्स बघितल्याशिवाय चावी देऊ नका. तो आला ती गाडी किंवा सोबतचा माणूस तुमच्याजवळ थांबला पाहिजे.

सही करून कोरे टीटी (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म देणे

एवढ्या सगळ्या चुकांत ही एकच खरोखर झोप उडवणारी आहे. पैसे आले, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, ‘आरटीओचं मी बघतो’ म्हणून समोरचा गेला. त्याने नाव बदललंच नाही, गाडी तिसऱ्याला विकली, तिसऱ्याने कुणाला तरी धडक दिली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच साखळीच्या प्रकरणात सांगितलं की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी विमा नसलेली असेल तर ती रक्कम तुमच्या खिशातून.

कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. तेव्हा परिवहनच्या संकेतस्थळावर अर्ज स्वतःच भरा. त्याआधी आरसीला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते पाहा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि शोरूमवाल्याने भलताच नंबर टाकलेला असणं नवीन नाही. ई-चलन बाकी असेल तर अर्ज अडतो. कर्ज फिटलेलं असलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच असतो. तो फॉर्म ३५ आणि बँकेच्या ना-हरकत पत्राने आधी उतरवा. परराज्यात जाणार असेल, गोव्यातसुद्धा, तर फॉर्म २८ची एनओसी लागते. दुचाकीच्या हस्तांतरणाची मूळ सरकारी फी १५० रुपये आहे, स्मार्ट कार्ड आणि टपाल वेगळं. एजंटने हजारो सांगितले तर उरलेले कशाचे हे विचारा.

चेसिस प्रिंट लागली तर ऑफ-रोड गाडीत हमखास गडबड होते. नंबर साधारणपणे हँडलखाली स्टीअरिंगच्या नळीवर असतो आणि नेमक्या तिथेच चिखल, गंज किंवा फॉगलाइटची वायर बांधलेली असते. वायर सोडा, रॉकेलच्या बोळ्याने पुसा, पॉलिश पेपर मात्र चुकूनही घासू नका, अंक पुसट झाले तर नवंच प्रकरण. अंकांवर पेन्सिल घासा, वर पारदर्शक टेप दाबून उचला, कागदावर चिकटवा.

विम्याचंही दोन ओळींत. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. विक्रीनंतर कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला वापरता येतं. घेणाऱ्याने १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. नाही केला तर त्याच्या गाडीच्या नुकसानीचा दावा लटकतो.

पैशांची घाई

यूपीआयने एका माणसाला दिवसाला साधारण एक लाखच पाठवता येतात. सौदा एक लाख दहा हजारांचा असेल तर आदल्या दिवशीच टोकन घ्या किंवा आयएमपीएस ठरवा, नाहीतर संध्याकाळी दारात उभा राहून ‘उरलेले उद्या’ सुरू होतं. ‘लष्करात आहे, गाडी न बघताच घेतो, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे यायला पिन टाकावा लागत नाही. आणि मेसेज नव्हे, बँकेच्या ॲपमधली शिल्लक बघून मगच चावी द्या.

गाडी देताना एका कागदावर दोघांच्या सह्या घ्या: गाडी नंबर, चेसिस नंबर, मीटरचा आकडा, रक्कम, तारीख आणि मिनिटासकट वेळ. त्या वेळेनंतरचं चलन कुणाचं, हा वाद तिथेच संपतो. गाडी, चावी आणि मीटर एकत्र दिसतील असा खरेदीदाराचा फोटो काढा, त्याचं लायसन्स आणि आधारची आकडे झाकलेली प्रत ठेवा. दुसरी चावीही तेव्हाच द्या. पंधरा दिवसांनी परिवहनच्या ॲपवर आपला गाडी नंबर टाकून बघा. नाव अजून तुमचंच दिसत असेल तर त्याच दिवशी फोन करा. उत्तर टाळाटाळीचं आलं तर तो सहीचा कागद घेऊन आरटीओत लेखी अर्ज द्या आणि पोचपावतीवर शिक्का मारून घ्या.